धुराचा वास आणि धुराचा अपाय

"घरात विडीचा वास येतो, म्हणजे पोरांच्या छातीत धूर जातोच का?" हा प्रश्न पालक सभेत आम्हांला जवळजवळ दरवर्षी विचारला जातो. विचारणारी बहुधा आई असते, आणि ती विचारते तेव्हा शेजारी बसलेले वडील छताकडे पाहू लागतात. त्याच प्रश्नाचे दुसरे रूप वडिलांकडून येते : "सर, आम्ही दारात बसून ओढतो. घरात वाससुद्धा येत नाही. मग पोरांना त्रास कशाचा?" आईला वास हा पुरावा वाटतो, वडिलांना वास नसणे हा पुरावा वाटतो. दोघेही नाकावर विसंबलेले आहेत. नाक या कामाला कितपत लायक आहे, एवढाच या लेखाचा विषय.

इतिहासाच्या शिक्षकाने स्मरणिकेत संस्थेचा इतिहास लिहावा, अशी अपेक्षा असते. ते काम आमच्या सहकाऱ्यांनी या अंकात केलेच आहे. आम्ही हा विषय घेतला त्याला दोन कारणे आहेत. आपल्या वसतिगृहातील मुले ज्या घरांतून येतात, त्या घरांत हा प्रश्न रोजचा आहे. आणि केवळ वासावरून केलेल्या निवाड्याने एखाद्या मुलाचे किती नुकसान होऊ शकते, हे आम्ही जवळून पाहिले आहे. त्याविषयी पुढे लिहू.

उत्तर आधीच सांगून टाकतो. वास आला म्हणजे धुरातील काहीतरी आपल्यापर्यंत पोहोचले, एवढे निश्चित. पण किती पोहोचले, किती वेळ पोहोचत राहिले आणि त्याने शरीराचे काय झाले, हे वास सांगत नाही. उलट, वास आला नाही म्हणून काहीच पोहोचले नाही, असे तर मुळीच म्हणता येत नाही. म्हणजे आईची भीती अर्धी खरी आहे आणि वडिलांचा निर्धास्तपणा त्याहून कमी खरा आहे. असे का, ते आता पाहू.

वासावरून रोग ओळखण्याची सवय फार जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात मोठमोठे डॉक्टरसुद्धा असे मानत की कुजलेल्या, दुर्गंधीयुक्त हवेतूनच साथी पसरतात. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा नगरपालिकेने याच समजुतीने गटारांतून समुद्राचे पाणी आणि कार्बोलिकचे द्रावण सोडले. गरिबांच्या खोल्यांत शिरून भिंतींना चुना फासला, सामानसुमान बाहेर काढून जाळले. दुर्गंधी कमी झाली, प्लेग कमी झाला नाही. १० मार्च १८९७ रोजी पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. याच सावित्रीबाईंनी अध्यापनाचे शिक्षण आपल्या नगरमध्ये, मिस फरार यांच्या संस्थेत घेतले होते. पुढच्याच वर्षी पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टराने कराचीत प्रयोग करून दाखवून दिले की प्लेग उंदरांच्या अंगावरील पिसवांतून पसरतो. त्याचे म्हणणे मान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. पिसवेला वास नसतो. नाकाने ज्या वस्त्यांना दोषी ठरवले होते, त्या वस्त्यांतील माणसे पिसवा चावल्याने मरत होती.

वासाच्या या सिद्धान्ताचा सर्वांत मोठा भुर्दंड कोणाला पडला, हे या स्मरणिकेच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. मेलेली ढोरे ओढण्याचे, कातडी कमावण्याचे काम ज्यांच्या माथी मारले गेले, त्यांनाच पुन्हा त्या कामाच्या वासावरून दूर लोटण्यात आले. म्हणून वासाला पुरावा म्हणून उभे करताना आपण तरी थोडे थबकले पाहिजे, असे आम्हांला वाटते.

तंबाखूचे प्रकरण मात्र प्लेगपेक्षा गुंतागुंतीचे आहे, कारण येथे वास आणि विष एकाच विस्तवातून निघतात. (तंबाखू उत्तरेकडे गेला तोही आपल्या दख्खनमधून. अकबराचा दूत असद बेग याने विजापूरहून तो नेऊन बादशहापुढे ठेवला. जहांगीराने १६१७ मध्ये त्यावर बंदी घातली, पण ती टिकली नाही.) म्हणून प्लेगच्या वेळी वासाचा आणि रोगाचा संबंधच नव्हता, तसे येथे म्हणता येत नाही. संबंध आहे, पण तो सरळ नाही.

विडी किंवा सिगारेट पेटली की धूर दोन वाटांनी खोलीत येतो. एक, ओढणाऱ्याने सोडलेला, आणि दुसरा, दोन झुरक्यांच्या मधल्या वेळात जळत्या टोकातून आपोआप निघणारा. सिगारेटच्या बाबतीत खोलीत साठणाऱ्या धुराचा मोठा हिस्सा या दुसऱ्या प्रकारचा असतो, आणि तो कमी तापमानावर अर्धवट जळून निघालेला असल्याने अधिक घातक असतो. या धुरात सात हजारांहून अधिक रसायने सापडली आहेत. त्यांतील सुमारे सत्तर कर्करोग निर्माण करणारी म्हणून ओळखली जातात.

आता मुख्य मुद्दा. ही सारी रसायने एका रूपात नसतात. काही वायुरूप असतात, काही अतिसूक्ष्म कणांच्या रूपात तरंगत असतात. हे कण बहुतांशी एका मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना यावी. इतके लहान कण खाली बसायला वेळ लागतो, ते तासन्‌तास हवेत राहतात आणि श्वासाबरोबर फुप्फुसाच्या अगदी तळापर्यंत जातात. नाकाला जो वास येतो, तो मात्र मुख्यतः वायूंचा असतो, आणि त्यांतील काही वायू इतके तीव्र असतात की हवेत त्यांचा लवलेश असला तरी नाक ते ओळखते. उलट, रक्तातील प्राणवायूची जागा बळकावणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंगही नाही.

म्हणजे ज्याचा वास येतो ते आणि ज्याने सर्वाधिक इजा होते ते, ही दोन वेगळी मंडळी एकाच घरातून बाहेर पडतात आणि वेगवेगळ्या वाटांनी जातात. वायू कपड्यांत, गोधडीत, मातीच्या भिंतीत मुरतात आणि दिवसेंदिवस हळूहळू परत बाहेर येत राहतात. कण हवेबरोबर फिरतात, बसतात किंवा बाहेर जातात. एस. टी. स्टँडवर विडी ओढून आलेले काका आपल्याजवळ येऊन बसले की त्यांच्या सदऱ्याचा वास येतो, पण त्या वेळी आपल्या छातीत धुराचे कण जवळजवळ जात नाहीत. तेच काका कालच्या रात्री बंद खोलीत तीन विड्या ओढून झोपले असतील, आणि त्याच खोलीत सहा वर्षांची नात झोपली असेल, तर सकाळी दार उघडल्यावर वास फारसा येणार नाही. पण नात रात्रभर काय श्वासात घेत होती, ते नाकाला आता कळणार नाही.

यात आणखी एक अडचण आहे, ती नाकाची स्वतःची. कोणताही वास सतत येत राहिला की काही मिनिटांत नाक तो नोंदवणे सोडून देते. आई सांगते, "सुरुवातीला यायचा वास, आता सवय झाली." सवय नाकाला झालेली असते, फुप्फुसाला होत नाही. स्वतः ओढणाऱ्या माणसाचे नाक तर आणखी बोथट झालेले असते, म्हणून "वास येत नाही" ही त्याची साक्ष सर्वांत कमी विश्वासाची. सर्दी झालेली असो, वय झालेले असो, नाक माणसागणिक बदलते. ज्या मापाच्या खुणा प्रत्येकासाठी वेगळ्या, ते माप बाजारात कोणी चालवून घेणार नाही.

मग शास्त्रज्ञ मोजतात कसे? सर्वांत जुना मोठा पुरावा जपानमधला आहे. ताकेशी हिरायामा यांनी स्वतः धूम्रपान न करणाऱ्या ९१,५४० विवाहित स्त्रियांची माहिती चौदा वर्षे ठेवली आणि १९८१ च्या जानेवारीत ती प्रसिद्ध केली. ज्या स्त्रियांचे नवरे जास्त ओढत, त्यांच्यात फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू अधिक आढळले, आणि नवऱ्याच्या सिगारेटी जितक्या जास्त, तितके प्रमाण जास्त. हिरायामांनी त्या बायकांना "घरात वास येतो का?" असे विचारले नव्हते. नवरा किती ओढतो, हे विचारले होते. तंबाखू कंपन्यांनी या अभ्यासावर जोरदार हल्ला चढवला, पण इतर देशांतल्या अभ्यासांतून तेच चित्र पुढे आले. २००६ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या अहवालाने स्पष्टच म्हटले की दुसऱ्याच्या धुराची पूर्णपणे निर्धोक अशी कोणतीही पातळी नाही. सतत अशा धुरात राहणाऱ्या प्रौढांत हृदयविकाराचा धोका २५ ते ३० टक्के आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका २० ते ३० टक्के वाढतो, असे तो अहवाल सांगतो. मुलांत दम्याचे झटके, छातीचे संसर्ग आणि कानाच्या आतील भागाचे विकार वाढतात, आणि तान्ह्या बाळांत अकस्मात मृत्यूचा धोका वाढतो.

दुसरे मोजमाप शरीरातूनच घेतले जाते. निकोटीन शरीरात गेले की त्याचे कोटिनिन नावाच्या द्रव्यात रूपांतर होते. निकोटीन दोन-तीन तासांत निम्मे होते, पण कोटिनिन निम्मे व्हायला पंधरा-वीस तास लागतात. त्यामुळे लघवीत किंवा लाळेत ते मोजता येते. स्वतः ओढणाऱ्यात ते खूप अधिक असते, दुसऱ्याचा धूर घेणाऱ्यात कित्येक पटींनी कमी असते, पण असते. येथे एक गोष्ट आपल्या जिल्ह्यासाठी महत्त्वाची आहे. मुंबईतील कर्करोग संशोधन संस्थेच्या संशोधकांनी १९९० च्या दशकात विडी वळणाऱ्या आणि तंबाखूवर काम करणाऱ्या कामगारांची तपासणी केली, तेव्हा तंबाखूला तोंडही न लावणाऱ्यांच्या शरीरातही कोटिनिन सापडले. म्हणजे धूर नसतानाही, केवळ हाताळण्यातून आणि तंबाखूच्या धुळीतून ते आत गेले होते.

येथे आपल्या घरांकडे वळू. संगमनेर आणि नगर शहर ही विडीची जुनी केंद्रे. नगरात पद्मशाली समाजाच्या बायांनी, संगमनेरात अनेक जातींच्या बायांनी पिढ्यान्‌पिढ्या मांडीवर सूप घेऊन विड्या वळल्या. हजार विड्यांच्या हिशेबाने मजुरी, आणि मजुरीत कापाकापी. १९६६ चा विडी व सिगार कामगार कायदा झाला तरी घरखेपेच्या कामात त्याचा लाभ किती मिळाला, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. अशा घरात शिरले की तंबाखूचा उग्र वास येतो. पण तो धुराचा वास नाही. येथे कोणी पेटवलेलेच नसते. मग या वासाला घाबरायचे का? घाबरायचे नाही, पण दुर्लक्षही करायचे नाही. येथील धोका धुळीचा आणि हातांचा आहे. मांडीवर सूप आणि त्याच मांडीवर तान्हे मूल असू नये. वळण्याची जागा स्वयंपाकापासून दूर असावी, काम संपल्यावर तंबाखू झाकून ठेवावी, हात धुऊन मग भाकरी थापावी. आपल्या माजी विद्यार्थिनींपैकी काही जणी अशाच घरांतून शिकून आज परिचारिका आणि शिक्षिका झाल्या आहेत. त्यांच्या आयांच्या कष्टाला बोल लावण्याचा अधिकार आम्हांला नाही, कोणालाच नाही.

दुसरे घर कोपीचे. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडचे पालक दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात ते थेट उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत. बांबू, पाचट आणि प्लॅस्टिकचा कागद यांची ती कोपी, एका माणसाला धड उभे राहता येईल एवढीच उंची. आत चूल पेटते, रॉकेलची चिमणी किंवा आता बॅटरीचा दिवा असतो, आणि थंडीमुळे दार झाकून घेतलेले असते. वडील पहाटे तीनला उठून गाडी भरायला जाण्यापूर्वी एक विडी ओढतात. सुट्टीत आलेले आपले मूल तेथेच कोपऱ्यात झोपलेले असते. वसतिगृहात परत येताना त्याच्या कपड्यांना जो वास येतो, तो चुलीचा किती, पाचटीचा किती आणि विडीचा किती, हे जगातील कोणतेही नाक वेगळे करून सांगू शकणार नाही. चुलीचा धूरही फुप्फुसाला तसाच जड जातो. येथे वासावरून केवळ विडीला दोष देणे म्हणजे अर्धाच हिशेब करणे होईल.

आणि विडीविषयी एक गैरसमज. ती सिगारेटपेक्षा लहान, त्यात तंबाखू सिगारेटच्या चतुर्थांशाच्या आसपास, वरून तेंदूचे पान, म्हणून ती "हलकी" किंवा "गावरान" समजली जाते. प्रत्यक्षात तेंदूचे पान हवा फारशी आत येऊ देत नाही, विडी विझू नये म्हणून झुरके वारंवार आणि जोराने घ्यावे लागतात, आणि त्यातून मिळणारे निकोटीन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा कमी नसते, बहुधा जास्तच असते. खोलीतल्या मुलाला विडी गावरान आहे की कंपनीची आहे, याने काही फरक पडत नाही.

आता वडिलांच्या उपायांकडे येऊ, कारण सभेत यावरच सर्वांत जास्त चर्चा होते. "मी खिडकीशी उभा राहून ओढतो." खिडकीतून हवा फक्त बाहेरच जात नाही, आतही येते. वारा समोरून असेल तर धूर सरळ मागे खोलीत येतो. "मी पंखा लावतो." पंखा हवा बाहेर काढत नाही, खोलीतच फिरवतो. धूर पातळ झाल्यासारखा वाटतो, पण तो एका कोपऱ्याऐवजी सगळ्या खोलीत जातो. "पोरं झोपल्यावर ओढतो." मूल झोपेतही श्वास घेत असते, आणि त्याच्या वजनाच्या मानाने मोठ्या माणसापेक्षा जास्त हवा घेत असते. "नंतर अगरबत्ती लावतो." हा उपाय सर्वांत वाईट, कारण त्याने धूर जात नाही, फक्त नाकाची दिशाभूल होते. शिवाय अगरबत्तीही जळतेच, तिचा धूरही धूरच असतो.

येथे आम्ही आपल्याच घरातली एक गोष्ट बोलून दाखवतो. छोट्या विहारात पौर्णिमेला खिडक्या लावून घेऊन आपण मेणबत्त्या आणि अगरबत्त्यांचे जुडगे पेटवतो, आणि पुढच्या रांगेतील एखाद्या आजीला खोकल्याची उबळ आली की तिला पाणी देतो, खिडकी उघडत नाही. चंदनाचा वास नाकाला आवडतो, एवढ्यावरून तो फुप्फुसाला मानवतो असे ठरत नाही. वसतिगृहाच्या खोल्यांत पूर्वी डासांसाठी कॉइल लावत असत. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चीन आणि मलेशियातील कॉइली तपासल्या गेल्या. एक कॉइल जळून जेवढे सूक्ष्म कण बाहेर पडतात, तेवढे कण पडायला ७५ ते १३७ सिगारेटी जाळाव्या लागतात, असे त्यात आढळले. कॉइलमध्ये निकोटीन नसते, ही तुलना फक्त कणांची आहे, हे खरे. तरी दहा मुलांच्या बंद खोलीत रात्रभर कॉइल आणि घरी वडिलांची विडी यांच्याकडे आपण अगदी वेगळ्या नजरेने पाहतो, ते केवळ वासामुळे. आता आपल्याकडे मच्छरदाण्या आहेत. माजी विद्यार्थी संघाने त्या दिल्या, त्याबद्दल येथेच आभार मानतो.

मग घरात करायचे काय? एकच गोष्ट खात्रीने उपयोगी पडते : छपराखाली, कोणत्याही वेळी, कोणीही ओढायचे नाही. घरातल्या आजोबांनी नाही, आलेल्या पाहुण्याने नाही, पावसाळ्यात नाही. ओढायचेच असेल तर दारात नव्हे, दारापासून दूर, अंगणाच्या पलीकडे. घरी परतल्यावर हात धुऊन, शक्य तर वरचा सदरा बदलून मग मूल जवळ घ्यावे. कपड्यांत मुरलेल्या अंशाच्या अपायाविषयीचे संशोधन प्रत्यक्ष धुराविषयीच्या संशोधनाच्या मानाने अजून तरुण आहे, पण रांगणारे मूल हात तोंडात घालते, तेव्हा ही काळजी घेण्यात काही बिघडत नाही. आणि ओढणे सोडणे हा तर उपाय आहेच. तो आम्ही शेवटी लिहिला, कारण ते एका दिवसात होत नाही, आणि होईपर्यंत मुलाने धुरात राहावे असे नाही.

कायदा याबाबत कोठवर येतो, हेही पालकांना ठाऊक असावे. मुंबईचे खासदार मुरली देवरा यांनी सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने शाळा-महाविद्यालये, ग्रंथालये, रुग्णालये, न्यायालये, कार्यालये, सभागृहे आणि रेल्वेसह सार्वजनिक वाहने यांत धूम्रपान बंद करण्याचा आदेश दिला. आधार होता संविधानाचा अनुच्छेद २१, जीविताचा अधिकार. जो स्वतः ओढत नाही, त्याच्यावर दुसऱ्याच्या धुराने होणारा आजार का लादला जावा, असा न्यायालयाच्या विचाराचा रोख होता. बाबासाहेबांच्या मसुदा समितीने आकार दिलेल्या या अनुच्छेदाचा विस्तार श्वासापर्यंत गेला, ही गोष्ट नागरिकशास्त्राच्या तासाला आम्ही आवर्जून सांगतो. पुढे २००३ चा तंबाखू नियंत्रण कायदा आला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानबंदीचे सुधारित नियम देशभर लागू झाले. दंड २०० रुपयांपर्यंत. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूविक्रीस मनाई. या निकालात किंवा कायद्यात कोठेही "वास आला तर" असे शब्द नाहीत. गुन्हा ओढण्याचा आहे.

पण हा कायदा घराच्या उंबऱ्यापाशी थांबतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात देशातील ३८.७ टक्के प्रौढांनी घरातच दुसऱ्याचा धूर घ्यावा लागत असल्याचे सांगितले. महाराष्ट्रात ओढणाऱ्यांचे प्रमाण ३.८ टक्के, म्हणजे देशाच्या १०.७ टक्क्यांपेक्षा पुष्कळ कमी. आपल्याकडे चघळण्याचे व्यसन मोठे आहे, २४.४ टक्के. म्हणून कोणी म्हणेल की धुराचा प्रश्न आपल्याकडे किरकोळ आहे. ज्या घरात आजोबा रोज वीस विड्या ओढतात, त्या घरातील मुलाला टक्केवारी वाचून हलके वाटणार नाही.

आता त्या मुलाविषयी, ज्याचा उल्लेख सुरुवातीला केला. जिल्ह्यातल्या एका वसतिगृहातली ही गोष्ट आहे, नाव सांगत नाही. ऊसतोड मजुराचा आठवीतला मुलगा सुट्टीवरून परत आला. त्याच्या गोधडीला आणि कपड्यांना विडीचा वास होता. अधीक्षकांनी सर्वांदेखत त्याची पेटी उलटी केली. पेटीत काही सापडले नाही. तरी "वास खोटे बोलत नाही" असे म्हणून त्याच्या वडिलांना बोलावले. वडील तोड सोडून, मुकादमाकडून दोन दिवसांचा खाडा लावून घेऊन आले. त्यांच्याही सदऱ्याला तोच वास होता, पण तो कोणाच्या नाकाला जाणवला नाही, किंवा जाणवूनही कोणी विचार केला नाही. मुलाने पुढच्या सहामाहीला नाव काढून घेतले. आम्हांला हे त्याच्या वर्गशिक्षकांकडून कळले. ते तेव्हा तेथे होते, आज ते आपल्या शाळेत आहेत.

वास खोटे बोलत नाही हे मान्य केले, तरी तो पुरेसे बोलत नाही. गोधडीला विडीचा वास येणे याचा अर्थ ती गोधडी विडीच्या धुरात होती. ती कोणी ओढली, हे गोधडी सांगत नाही. मुलाच्या श्वासाला, बोटांना वास आहे का, हे पाहिले तरी शंकेला जागा उरते, कारण वडिलांच्या शेजारी तासभर बसलेल्या मुलाच्या केसांनाही वास लागतो. खरे तर त्या अधीक्षकांसमोर एक वेगळाच प्रश्न उभा होता. या मुलाची छाती कशी आहे? तो रात्री खोकतो का? धावताना त्याला धाप लागते का? वासाने दाखवून दिले होते की हे मूल महिनाभर धुरात झोपले आहे. त्याला मदत मागण्याची गरज होती, आणि त्याच्याकडून जबाब मागितला गेला.

याचा दुसरा टोकाचा प्रकारही आम्ही पाहतो. रस्त्याने जाणाऱ्या कोणाच्या सिगारेटचा झोत आला की काही पालक मुलाच्या तोंडावर रुमाल दाबतात आणि घरी येऊन मुलाला वाफ देतात. मोकळ्या हवेतील एका झोताने निरोगी मुलाला आजार होत नाही. ज्याला दमा आहे, त्याला मात्र एवढ्यानेही झटका येऊ शकतो, म्हणून त्याला तेथून लगेच दूर न्यावे. बाकीच्यांसाठी हिशेब असा की धोका तीव्रतेपेक्षा रोजच्या सोबतीने वाढतो. किती जळते, किती लहान जागेत, किती तास आणि किती दिवस, हे चार प्रश्न विचारले की नाकापेक्षा चांगले उत्तर मिळते.

यंदाच्या सत्रापासून आपल्या वसतिगृहात एक पद्धत सुरू केली आहे. सुट्टीवरून आलेल्या मुलांची अंथरुणे आणि कपडे कोणालाही काही न विचारता दिवसभर उन्हात टाकतात. कोणाच्या पेटीला वासावरून हात लावत नाहीत. त्याऐवजी प्रत्येक मुलाला परिचारिका ताई एकटे बोलावून दोनच गोष्टी विचारतात : घरात कोण ओढते, आणि ते ओढतात तेव्हा तू कोठे असतोस. ज्यांना धाप किंवा रात्रीचा खोकला आहे, त्यांना ग्रामीण रुग्णालयात नेतात. भेटीच्या रविवारी दवाखान्याचा कागद पालकांच्या हाती देतात, आणि त्याच वेळी घरातील ओढण्याविषयी बोलतात. गेल्या भेटीला शेवगावकडच्या एका वडिलांनी तो कागद दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला, आणि विडीचे बंडल फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली बसलेल्या दुसऱ्या पालकाच्या हवाली केले. त्या दुसऱ्या पालकाशी बोलणे अजून बाकी आहे.